मयताची बातमी आधी, म्हशीची नंतर

पत्र (जागेसाठी थोडं आवरलं आहे, नावं काढली आहेत):

ताईंना नमस्कार. मी मुरबाड तालुक्यातली, वय त्रेसष्ट. मालक जाऊन चार वर्षं झाली. मुलगा नाही, एक मुलगी, ती शहापूरला दिली आहे. धाकटे दीर आणि जाऊबाई कळव्याला असतात. थोरले दीर मागेच वारले, त्यांची दोन मुलं ऐरोलीला आणि एक दुबईला. नणंद कल्याणला. सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, एकतीस माणसं आहेत. मालक होते तेव्हा गावची खबर तेच फोन करून सगळ्यांना द्यायचे. ते गेल्यावर मी द्यायला लागले. लिहायला जमत नाही, म्हणून रात्री हरिपाठ झाला की बोलून पाठवते. कुणाकडे काय झालं, भाताची आवणी कुठवर आली, बारवीचं धरण भरलं का, आणि शेवटी देवाचे दोन शब्द.

आषाढात आमची चुलत सासू वारली. मी ग्रुपवर सांगितलं होतं, पण कळव्याचे भाऊजी मातीला पोचले नाहीत. म्हणाले, वहिनी, तुमचा मेसेज ऐकलाच नाही. मग ऐरोलीच्या मोठ्या पुतण्याने लिहिलं, काकी, इथे फक्त कामाचं टाका, देवाचे मेसेज बंद करा. त्यानंतर कळव्याच्या पुतणीचं लग्न जमलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच ग्रुपवर बोलले. तर जाऊबाईंचा फोन आला, "शुभ बातमी पहिली तुमच्या तोंडून जायला नको होती." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तेव्हापासून मी गप्प आहे. काकी गप्प का, हे एकानेही विचारलं नाही. हे पत्र माझी नात लिहिते आहे. मी बोलणं बंदच करून टाकू का?

– तुमची एक वाचक, काकी

काकी,

बंद करू नका. पण पूर्वी चाललं होतं तसंच पुन्हा सुरू करू नका, असंही माझं म्हणणं आहे आणि त्यासाठी मला तुमच्याशी थोडं भांडावं लागणार आहे.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भाऊजींची माती चुकली ती एक, पुतण्याने नियम घातला ती दुसरी आणि जाऊबाई बोलल्या ती तिसरी. तुम्ही तिन्हींची मोळी बांधलीत आणि तिच्यावर चिठ्ठी लावलीत, 'मी नकोशी झाले.' मोळी सोडून बघितली तर पहिल्या गोष्टीत कुणाचाच दोष नाही, दुसरीत पुतण्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि तिसरीत नेमकं काय झालं हे तुम्हालाही अजून माहीत नाही.

तुमच्या नातीने हुशारी केली. पत्रासोबत तुमचे दोन जुने व्हॉइस मेसेज पाठवले. दोन्ही ऐकले. पहिला त्या मयताच्या दिवसाचाच आहे. चार मिनिटांचा. सुरुवात 'राम कृष्ण हरी' ने. मग पावसाने धरलेली झड. मग म्हैस व्यायली, पारडी झाली, पण म्हैस पान्हा चोरते. सोसायटीत खत आलं नाही, आलं तर कुणाला आधी मिळणार हेही तुम्हाला ठाऊक आहे. आवणीला माणूस मिळत नाही. मग तिसऱ्या मिनिटाला एक श्वास घेऊन, "आणि आपल्या आत्याबाई पहाटे गेल्या बरं का, फार हाल झाले नाहीत, विठ्ठलाने सोडवलं." त्यानंतर परत म्हैस.

मला हसू आलं, राग मानू नका. समोर बसून ऐकणाऱ्याला हे असंच ऐकायला आवडतं, गावात ओटीवर बसून बातमी अशीच सांगतात. वाईट बातमीला एकदम हात घालायचा नसतो, आधी पाऊसपाणी, गुरंढोरं, मग ती. ऐकणारा उठून जाणार नसतो ना. पण भाऊजी ओटीवर नव्हते. सकाळी कळव्याहून लोकल पकडणाऱ्या माणसाचा एक हात वरच्या कडीला आणि दुसरा बॅगेवर असतो. लिहिलेली ओळ असेल तर फोन खिशातून अर्धा बाहेर काढूनही नजर पडते. बोललेला मेसेज म्हणजे स्क्रीनवर फक्त एक त्रिकोण आणि 'चार मिनिटं'. आत मयत आहे की म्हैस, बाहेरून कळायला मार्ग नाही. त्यांनी तो रात्री घरी गेल्यावर ऐकायचं ठरवलं असेल, तोवर माती होऊन गेली.

तेव्हा मयताची बातमी ग्रुपवर बोलायचीच नाही. फोन करायचा. पहिल्याच वाक्यात कोण गेलं आणि माती किती वाजता, एवढं सांगायचं, बाकी सगळं नंतर. तुम्ही एकटीने एकतीस जणांना फोन करत बसू नका, घरात रडारड असताना ते जमत नाही. कळव्याला एक आणि कल्याणला नणंदेला एक, पुढे कळव्याने ऐरोलीला सांगायचं. ही साखळी आत्ताच, कुणी आजारी नसताना ठरवून ठेवा. आणि गावात माणसं घाई करत असतील तर तुम्ही मोठ्या आहात, दोन शब्द बोला. ऐरोलीच्या माणसाला आधी ठाणं, मग कल्याण, कल्याणहून शहाडच्या बाजूने मुरबाड, तिथून जी मिळेल ती गाडी, असं करत पावसाळ्यात तीन तास सहज जातात. "पोरं निघाली आहेत, दुपारपर्यंत थांबा," एवढं म्हणायला घरातलंच कुणी लागतं.

दुबईच्या पुतण्याला मात्र तुम्ही स्वतः फोन करा. त्याचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, पहाटेच उठवू नका. त्याला मातीला येता येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याला सांगायचं राहूनच जातं. त्याच्याशी पाच मिनिटं बोला. फार हाल झाले नाहीत, विठ्ठलाने सोडवलं, हे तुमचं वाक्य त्याच्यासाठी आहे. दहावं-तेरावं कधी, ते दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहून टाकायला नातीला सांगा.

आता पुतण्याचं. 'फक्त कामाचं टाका' हे बोलणं कोरडं आहे, आणि काकीला एकतीस माणसांपुढे तसं सांगणं मला आवडलेलं नाही. एकटीला फोन करून सांगायला काय झालं होतं? शिवाय कामाचं म्हणजे काय ते त्याने ठरवलं कसं? बारवी भरली की नाही ही बातमी तुम्ही दिलीत तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त उत्तरं आली, हे तुमच्या नातीनेच मला लिहिलं आहे. येणारच. त्या धरणाचं पाणी एमआयडीसीच्या जलवाहिन्यांतून ठाणे जिल्ह्यातल्या शहरांच्या नळांना जातं, आणि धरण वेळेत भरलं नाही की इकडे पाणीकपातीची बोलणी सुरू होतात. तुमच्या पायरीवरून दिसणारा पाऊस शहरातल्या माणसाच्या बादलीशी जोडलेला आहे. तो कामाचाच.

पण त्याच्या जागी बसून बघा. नात म्हणते, तुम्ही बोललेल्या मेसेजांखेरीज दिवसाला सात-आठ आलेली चित्रंही पुढे पाठवता. सूर्योदय, फुलं, गजानन महाराज, साईबाबा, आणि खाली 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल, दुर्लक्ष केल्यास...' काकी, हे तुमचं नाही. हे कुणी लिहिलं तुम्हाला माहीत नाही, ज्याने लिहिलं त्याला विठ्ठल माहीत नाही. देवाच्या नावाने भीती घालणारा मेसेज पाठवायचा नाही, एवढं एक माझं ऐकाच. मधुमेहावर अमुक पाला उकळून प्या, असे मेसेज तर बिलकुल नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जो मेसेज पुष्कळ वेळा पुढे ढकलला गेलेला असतो त्याच्यावर दोन बाणांची खूण येते, नातीला ती दाखवायला सांगा. ती खूण दिसली की आपला हात आवरायचा.

तुमचं स्वतःचं जे आहे ते वेगळं. दुसऱ्या मेसेजच्या अगदी शेवटी, पुन्हा एकदा खतावर बोलून झाल्यावर, तुम्ही म्हणता, "ऐरोलीच्या धाकट्याच्या पोरीची दहावी आहे, तिच्या नावाने आज तुळशीपाशी दिवा लावला." बारा सेकंदांचं बोलणं. एकतीस जणांच्या ग्रुपात चौथ्या मिनिटाला. जिच्यासाठी दिवा लावला ती पोरगी त्या ग्रुपात तरी आहे का? नसणारच, दहावीतली मुलं काका-आत्यांच्या ग्रुपात नसतात. तेवढे बारा सेकंद तिच्या आईच्या फोनवर पाठवायचे होते, "पोरीला ऐकव" म्हणून. तिचा देवावर विश्वास असो वा नसो, गावाकडे कुणीतरी आपल्या पेपरची तारीख लक्षात ठेवून आहे हे तिला कळलं असतं.

श्रद्धा लपवा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणी निरूपणाच्या बैठकीला जात असेल, कुणाचा मार्ग आणखी वेगळा असेल, आणि मोठ्या पुतण्याचा कशावरच विश्वास नसेल. तुम्ही काय केलंत ते त्यांना सांगा, त्यांनी काय करावं ते सांगू नका. 'मी दिवा लावला' यावर कुणाचं काही म्हणणं असू शकत नाही. 'तूही रोज हरिपाठ म्हण, मग बघ' इथून कटकट सुरू होते. अख्खा हरिपाठ रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकण्यापेक्षा नणंदेला विचारा, एकादशीला फोनवर दोघी मिळून म्हणू का. कल्याणच्या चाळीत किंवा इमारतीत त्या बहुधा एकट्याच म्हणत असतील.

ग्रुपवर आठवड्यातून एकदाच बोला. रविवारी सकाळी, लोकांच्या हातात चहाचा कप असताना. एका मिनिटात संपवा. बाकीची बातमी ज्याची त्याला. म्हैस कुणाला हवी आहे? माझा अंदाज आहे दुबईवाल्याला. अंदाज कशाला, बघताच येतं. तुमच्याच फोनवर जुना व्हॉइस मेसेज दाबून धरला आणि 'माहिती' उघडली की तो कुणाकुणाच्या फोनवर पोचला आणि कुणी ऐकला, नावानिशी दिसतं. निळ्या खुणा बंद करून ठेवणारे हुशार लोक असतात, पण व्हॉइस मेसेज ऐकल्याचं त्यांचंही कळतं. नातीला घेऊन बसा आणि गेल्या पावसाळ्यातले मेसेज एकेक करून तपासा. जो ऐकतो पण कधी उत्तर देत नाही, असा एखादा तरी सापडेल. चार मिनिटांची म्हैस त्याला एकट्याला पाठवा.

मध्येच एक गोष्ट रागावून सांगते. त्याच दुसऱ्या मेसेजमध्ये निराधारचे पैसे आले, कुठल्या बँकेत आले, आणि 'मी घरात एकटीच, दार पुढे लोटून झोपते' हे सगळं आहे. एकतीस माणसांत सोयऱ्यांचे सोयरे असतात, हरवलेले फोन असतात. पैसे, बँक, एकटेपणा, हे ग्रुपवर कधीही नाही. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी फोनवर आलेला आकडा (ओटीपी) विचारला तर सांगायचा नाही, आणि चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरला फोन. हा नंबर भिंतीवर मोठा लिहून ठेवा.

आता जाऊबाई.

"शुभ बातमी पहिली तुमच्या तोंडून जायला नको होती." हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही त्यातून एकच अर्थ घेतला आहे, तो पत्रात लिहिलेला नाही तरी दिसतो. कपाळ मोकळं असलेल्या बाईने शुभ बोलू नये, असा. त्यांना तोच म्हणायचा असेल तर जाऊबाईंचं चुकलं, आणि रूढी आहे म्हणून मी ते सोडून देणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या पंचायतीतही तो कागद कुठल्यातरी फायलीत असणार, तिथे जाऊन विचारा. आणि तुम्ही तर माळकरी. वारीत 'माऊली' म्हणून तुमच्या पाया पडणारा माणूस तुमच्या कपाळाकडे बघून पडत नाही. ज्या घरात रात्री हरिपाठ होतो, तिथल्या बाईच्या तोंडाने अशुभ होतं असं म्हणणाऱ्याने आधी हरिपाठाला काय वाटेल ते बघावं.

पण दुसराही अर्थ निघतो, काकी, आणि तो तुम्ही विचारातच घेतलेला नाही. मुलगी कुणाची? जाऊबाईंची. जमलं म्हणजे नुसतं बोलणं झालं असेल, याद्या झालेल्या नसतील, सुपारी फुटलेली नसेल. तोवर आया तोंडातून अक्षर काढत नाहीत. मोडलं तर पोरीचं नाव खराब होतं ही भीती असते. त्यांनी स्वतःच्या माहेरी तरी सांगितलं होतं का? समजा नव्हतं, आणि भावाला ग्रुपवरच्या कुणाकडून तरी कळलं, "ताई, आम्हाला सांगितलं नाहीस?" तर त्यांना राग येणारच, आणि तो तुम्ही विधवा म्हणून नाही. ती बातमी त्यांच्या मुलीची होती. तुमचा आनंद खरा होता, पण बातमी तुमची नव्हती. पुतणीला फोन करून पोटभर कौतुक करायचं आणि विचारायचं, "मी सगळ्यांना सांगू, का तुम्ही सांगताय?" हेच दिवस गेल्याच्या बातमीला, हेच ऑपरेशनच्या बातमीला. एखादीने तीन महिने पोटाशी जपलेली गोष्ट काकीच्या व्हॉइस मेसेजमधून दुबईपर्यंत जाऊ नये.

यातला कुठला अर्थ खरा, ते मी इथे ठाण्यात बसून सांगू शकत नाही. तुम्ही विचारा. मेसेजने नाही, फोनने, दुपारी तीनच्या सुमाराला, घरात भाऊजी नसताना. गोल फिरवून विचारलंत तर त्याही गोल फिरवतील. सरळ म्हणा, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते मी घाई केली म्हणून, का मी विधवा म्हणून?" आणि मग गप्प बसा. तुम्हाला ते जड जाईल, ठाऊक आहे. पण त्यांना उत्तर शोधायला वेळ द्या, तुमच्याकडून शब्द पुरवू नका.

घाई केली म्हणून असेल तर "चुकलंच माझं" म्हणा आणि लग्नात काय मदत लागेल ते विचारा. विधवा म्हणून असेल तर भांडू नका, पण मान्यही करू नका. "हे मला पटत नाही, मी लग्नाला येणार आणि पोरीला हळदही लावणार," एवढं म्हणायचं. आपल्याकडे, ठाणे जिल्ह्यात, हळद लग्नाहून मोठी असते, अख्खं गाव आणि डीजे असतो. त्या गर्दीत घाणा कुणी भरला, देवकाला कोण बसलं, याच्या प्रत्येकावर मी तुम्हाला लढायला सांगणार नाही, ज्याच्यावर तुमचा जीव आहे तेवढं धरा. मागच्या खोलीत पानं लावायला मात्र बसू नका. "काकी, तुम्ही इथे बसा" असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी नाही.

कळव्याची ती नवरी मुलगी हे वाचत असेल तर, बाई, काकीला हळद लावायला तू स्वतः हात धरून पुढे घे. त्या मांडवात तुझ्या शब्दापुढे कुणाचा शब्द चालत नाही, आणि हे फक्त त्या एका दिवसापुरतं असतं.

राहिलं तुमचं ते वाक्य, कुणी विचारलंही नाही. हे लागलं आहे, आणि त्यावर मी फुंकर घालणार नाही. विचारायला हवं होतं. शहरात मेसेज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालतात, हे कारण आहे, सबब नाही. मालक होते तोवर ते फोन करायचे, म्हणजे तेव्हाही पलीकडून कुणी आपणहून करत नव्हतंच. तुमच्या अख्ख्या घराला ती सवयच लागलेली नाही. म्हणून पहिला फोन नणंदेला करा, आणि तिला स्पष्ट सांगा, "महिनाभर मी बोलले नाही आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं मला वाईट वाटलं." ती तुमच्या मालकांची बहीण आहे, ऐरोलीच्या पोरांचा कान ती धरू शकते. तुम्ही धरलात तर तक्रार होईल.

नातीने पत्राच्या मागे पेन्सिलीने विचारलंय की आजीला टाइप करायला शिकवू का. शिकवू नको गं, आजीला बोलता येतं तेवढं पुरे. फोनमध्ये कीबोर्डची भाषा मराठी कर आणि त्याच्यावरचं माइकचं चित्र दाखव. ते दाबून आजी बोलली की अक्षरं आपोआप उमटतात, आणि लोकलमधल्या माणसाला ती वाचता येतात. फक्त गावाकडचे शब्द त्या यंत्राला नीट कळत नाहीत. तू आहेस तोवर पाठवायच्या आधी एकदा वाचून देत जा, आणि तू शहापूरला परत गेलीस की शेजारच्या कुणाला तरी ते काम सांगून ठेव.